पांढरं सोडून काही खायचं नाही

मुलुंड (प.)
सोमवार, २ फेब्रुवारी १९८७

सुलक्षणाबाईंना नंदूचा नमस्कार,

मी कोण ते पहिलं सांगतो, नाहीतर तुम्ही पत्र फाडून टाकाल. काल तुमच्या दहिसरच्या घरी आम्ही तिघं तुम्हाला बघायला आलो होतो. आई, माझा मोठा भाऊ जयवंत म्हणजे नवरामुलगा, आणि तिसरा दोन प्लेटी पोहे खाऊन गेला तो मी. एक माझी, एक दादाची. पोहे झकास होते.

तुम्हाला ताई म्हणावं तर पुढे पंचाईत. वहिनी म्हणावं तर तुमचे बाबा काठी घेऊन मुलुंडला येतील. तुम्ही बालवाडीत शिकवता म्हणून बाई म्हणतो. पत्र पण मुद्दाम बालवाडीच्या पत्त्यावर टाकतोय, घरी कोणाच्या हातात नको पडायला. शुद्धलेखन बघू नका. मी दहावीला दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो.

आता कामाचं. काल दादा एक शब्द बोलला नाही. तुम्ही ट्रे घेऊन आलात तर भिंतीकडे बघत बसला. पोह्यांना हात लावला नाही. तुमच्या मामांनी विचारलं, "कंपनीत काय काम असतं?" तर त्यांच्याकडे न बघताच नुसती मान हलवली, ती पण अर्धी. जिन्यात तुमचे बाबा आईला म्हणाले, "कळवतो." कसलं कळवतो ते आम्हाला कळलं. मुलीच्या घरचं तोंडात घातलं नाही म्हणजे मुलगी नापसंत, असंच सगळे समजणार ना.

पण बाई, तसं नाहीये. शुक्रवारी दादाची अक्कलदाढ काढली, उजवी खालची. आडवी उगवली होती. डॉक्टरने हाड घासून काढली आणि तीन टाके घातले. गाल असा सुजलाय की आत लिंबू ठेवलंय वाटतं. आईनेच त्याला कपाटाजवळ सुजलेला गाल भिंतीकडे करून बसवलं. म्हणाली, मुलीकडच्यांना दाढेचं कळायला नको, ते म्हणतील ह्या वयात दात पडायला लागले. आणि डॉक्टरने ताकीद दिलीय, टाके निघेपर्यंत म्हणजे दहा दिवस बोलायचं नाही, मान जास्त फिरवायची नाही आणि पांढरं सोडून काही खायचं नाही. दूध, दही, भाताची पेज, बस. तुमचे पोहे पिवळे होते. तो काय करणार?

दादा भांडुपच्या कंपनीत स्टोअरकीपर आहे. लिहून दिलेलं सगळं पाळतो. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त सध्या बंद आहे. तुमच्या बाबांना जरा थांबवा. उत्तर माझ्या कामावर पाठवा : द्वारा रतन सायकल मार्ट, स्टेशन रोड. पोस्टकार्ड नको, रतनशेट वाचतात.

तुमचा आज्ञाधारक (शाळेत हेच एक शिकलो),
नंदकिशोर ऊर्फ नंदू

*

दहिसर
बुधवार, ४ फेब्रुवारी १९८७

श्री. नंदकिशोर यांस,

तुमचं पत्र मिळालं. मुलांची खिचडी चालू होती, तेव्हा उभ्यानेच वाचलं आणि हसू आलं. मग पुन्हा वाचलं, तेव्हा हसू गेलं.

बाबांनी नकाराचं कार्ड सोमवारीच टाकलं. तुमच्या आईंना मिळालं असेल. बाबांचं चुकलं असं मला वाटत नाही. मला आजवर सात जण बघून गेले. कोणी चालून दाखव म्हणालं, कोणी ओव्या येतात का विचारलं. पण माझ्याकडे पाठ करून कपाट बघत कोणी बसलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर मामा म्हणाले, "त्याला कपाट पसंत पडलं असेल." सगळे हसले. मी आत जाऊन भांडी घासली.

आता एक सांगा. आमच्या शेजारच्या द्रौपदीमावशींची दिवाळीत दाढ काढली, अशीच आडवी. सकाळी काढली आणि दुसऱ्या दिवशी त्या नळावर भांडत होत्या. त्यांना कोणी दहा दिवस गप्प बसवलं नाही. वरण पिवळंच खात होत्या. डॉक्टर तिखट नको म्हणेल, गरम नको म्हणेल. पांढरं सोडून काही नको, हे कुठल्या डॉक्टरचं डोकं? ही ताकीद डॉक्टरच्या तोंडून कोणी ऐकली? तुमच्या दादांनी, की दुसऱ्या कोणी?

ते काय असेल ते असो. माणूस पाच दिवस पेजेवर आहे हे वाचून बरं वाटलं नाही. त्यांना मूगडाळ घालून मऊ भात द्या. भात शिजला की पळीने नाही, हाताने मळा, शीत राहता कामा नये. वर तूप. कोमट झाला की मगच द्यायचा आणि डाव्या बाजूने खायला सांगा. लाल भोपळा उकडून दह्यात कुस्करला तर छान लागतो. पिकलं केळं चालेल. नाचणीचं सत्त्व गार करून द्या, अंगात ताकद येईल. रव्याचं सध्या काही नको, कण खड्ड्यात जाऊन बसतो. आणि काहीही नळीने ओढून प्यायचं नाही, चूळ खळखळून भरायची नाही. मिठाचं कोमट पाणी तोंडात नुसतं धरायचं आणि सोडून द्यायचं. द्रौपदीमावशींनी जोरात चूळ भरली आणि गोठलेलं रक्त निघून आलं, मग आठवडाभर कळा काढल्या.

हे सगळं पांढरं नाही. तरी द्या.

सुलक्षणा

*

मुलुंड
गुरुवार, ५ फेब्रुवारी

बाई, बाई, बाई,

तुम्ही बालवाडीत काय करता? तुम्ही पोलिसात पाहिजे होतात.

ऐकली मी. दादाला इंजेक्शनने चक्कर आली होती, तो बाकड्यावर तोंडात कापसाचा बोळा धरून आडवा होता. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं : आज फार बोलू नका, दोनतीन दिवस मऊ आणि गार खा, तिखट नको, नऊ तारखेला टाके काढू. एवढंच. बाकीचं माझं. दहा दिवसांचं मौन माझं. मान माझी. पांढरं पण माझंच. ते बोलता बोलता सुचलं, समोर चुन्याची भिंत होती.

का केलं विचाराल. दादा सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू असतो. नंद्या, फॉर्म भरलास का? नंद्या, केस काप. नंद्या, त्या टोळक्यात परत दिसलास तर बघ. बाबा गेल्यापासून तोच बाप झालाय, आणि खऱ्या बापापेक्षा जास्त झालाय. म्हटलं दहा दिवस आपल्याला पण सुट्टी. तो डॉक्टरचं नाव ऐकल्यावर मुकाट बसणार हे मला माहीत होतं. पण मुकाट कुठला? माझी जुनी पाटी काढली त्याने. आता पाटीवर लिहून शिव्या देतो. मावत नाही म्हणून दोन्ही बाजूंनी.

तुम्हाला बघायचा कार्यक्रम पंधरा तारखेला होता ना? मी तोच हिशेब धरला होता, तोपर्यंत सगळं मोकळं. मध्येच तुमचे मामा गावाहून आले आणि शनिवारी निरोप आला, उद्याच या. तेव्हाच सांगणार होतो आईशप्पथ. पण पाटी त्याच्या हातात होती आणि तिला लाकडी चौकट आहे.

आता खरी वाट लागलीय ती ऐका. तुमच्या बाबांचं कार्ड आलं. आई भडकली, आणि भडकली की ती मालवणीत बोलते. "माझ्या झिलाक नाय म्हणतंत? मोठे इले!" लगेच घाटकोपरचं एक स्थळ काढलं, येत्या रविवारी अकरा वाजता जायचंय. मला म्हणाली, दहिसरच्या पोरीचा फोटो नि पत्रिका पोस्टाने परत कर. पत्रिका कपाटात होती, फोटो नाही. सगळं घर शोधलं. दादाच्या डब्याच्या पिशवीत सापडला, पुठ्ठ्यात घालून, घडी पडू नये म्हणून. तो कामावर घेऊन जातो, बाई. मी परत होता तिथेच ठेवला आणि आईला सांगितलं, उंदराने नेला.

त्याला तुम्ही आवडलात आणि त्याला ते बोलता येत नाही, कारण मी त्याचं तोंड बंद केलंय. पाटीवर असलं लिहिणारा माणूस नाही तो. पाटीवर तो फक्त मला लिहितो.

मऊ भात केला, तुम्ही लिहिलात तसा. पहिल्यांदा पिवळा बघून त्याने हाताने नाही नाही केलं. मी म्हटलं, डॉक्टरला विचारून आलो, सहाव्या दिवसापासून पिवळं चालतं. तर दोनदा घेतला. मग पाटीवर लिहिलं, "कोणी शिकवला?" मी सांगितलं खालच्या शेवंतीकाकूंनी. जेवण झाल्यावर तो खाली जाऊन शेवंतीकाकूंना हात जोडून आला. काकूंना वाटलं वेड लागलं.

तुम्ही बाबांना खरं सांगाल का? म्हणजे मला दादाला सांगायला नको. मी नंतर सांगीन. लग्न झाल्यावर. एखादं मूल झाल्यावर.

नंदू

*

(पोस्टकार्ड)

दहिसर, शुक्रवार, ६ फेब्रु.

नंदू,
पोस्टकार्ड मुद्दाम टाकते आहे. रतनशेटनाही नमस्कार.
मी बाबांना काहीही सांगणार नाही. तू दादांना खरं सांग, आणि रविवारी अकराच्या आत सांग. ज्याची दाढ काढली त्याला कळायच्या आधी अख्ख्या दहिसरला कळावं, हे मला पटत नाही. त्यांनी घाटकोपरला जायचं ठरवलं तर जाऊ देत, पण ते त्यांनी ठरवलेलं असू दे. मला नको असलेला माणूस मी नको म्हणेन. पण त्या दिवशी आलेला माणूस कोण होता, हे मला अजून माहीतच नाही.
तू सांगेपर्यंत मला पत्र पाठवू नकोस.
भोपळा दिलास का?
सुलक्षणा

*

मुलुंड
रविवार, ८ फेब्रुवारी, दुपारी एक

बाई,

सांगितलं. म्हणून लिहितोय.

तुमचं कार्ड काल आलं आणि रतनशेटनी ते पंक्चर काढायला आलेल्या चार गिऱ्हाइकांपुढे मोठ्याने वाचलं. एकाने विचारलं, "कोणाची दाढ?" दुसरा म्हणाला, "नंद्या, सांगून टाक रे." रतनशेटनी पाना माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "घरी जा. सांगितल्याशिवाय कामावर येऊ नको." तुम्ही जे केलंत ना, त्याला आमच्याकडे कचका म्हणतात.

पाच वाजता घरी गेलो. दादा हाफ डे करून आला होता, भोपळा खात बसला होता. (हो, दिला.) मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला, मी काय म्हणालो, पोहे, तुमचं पत्र, माझं पत्र. पळायला बरं म्हणून चप्पल काढली नव्हती.

त्याने चमचा ठेवला. पाटी घेतली. लिहिलं, "खरं?" मी म्हटलं, "अरे दादा, आता तरी तोंडाने बोल!" त्याने पाटी पुसली, खडू डबीत ठेवला, मिठाचं पाणी तोंडात धरून सोडलं आणि शर्ट घालून बाहेर निघून गेला. आईला कळल्यावर तिने लाटणं फेकलं. "मेल्या, ह्या काय केलंस रे?" लाटणं लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं.

तो आठ वाजता आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी म्हटलं, मार तरी. नाही.

आज सकाळी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आई साडी नेसून तयार, घाटकोपरला नारळ न्यायचा म्हणून सोलत होती. दादा तिच्यासमोर उभा राहिला आणि बोलला. नऊ दिवसांनी. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला, तोंड पण अर्धंच उघडतंय. म्हणाला, "आई, घाटकोपरला मी येत नाही. त्यांना उगीच ताटकळत ठेवू नकोस, कोपऱ्यावरून फोन कर." बस. चप्पल घातली. मी विचारलं, "दादा, कुठे चाललास?" माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. दहा वाजता गेला तो अजून आला नाही.

काही खाल्लं नाही त्याने. मी सकाळी सत्त्व करून ठेवलं होतं, ते तसंच आहे, वर साय आली.

घाटकोपरवाले फोनवर बोलले ते आई सांगत नाही. पाटावर बसून नारळाकडे बघते आहे.

बाई, मला हसवता येतं, मनवता येत नाही. दादा कुठे गेला असेल? कंपनीला सुट्टी आहे. तो कधी असा न सांगता जात नाही. चुकून तुमच्याकडे आला तर बाबांना हाकलू देऊ नका. आणि काहीतरी मऊ खायला द्या. टाके उद्या निघणार आहेत.

नंदू

*

दहिसर
मंगळवार, १० फेब्रुवारी १९८७

प्रिय नंदू,

तुझं पत्र आज मिळालं. तू दुपारी एक वाजता "कुठे गेला असेल" लिहीत होतास, तेव्हा तुझे दादा आमच्या ओट्याजवळ उभे राहून माझ्या आईला सांगत होते की गॅसची नळी बदला, चीर पडली आहे.

पण पहिल्यापासून सांगते. साडेबाराला दार वाजलं. बाबांनी उघडलं. त्यांना वाटलं, हे गेल्या रविवारी काहीतरी विसरून गेले. म्हणाले, "काय राहिलं तुमचं?" ते म्हणाले, "बोलायचं राहिलं." बाबा बाजूला झाले.

आत येऊन ते त्याच खुर्चीवर बसले, पण आधी ती फिरवून घेतली. गाल अजून सुजलेला आहे, एका बाजूला पिवळा पडलाय. तो माझ्याकडे केला. दाढेचं सगळं सांगितलं. आणि म्हणाले, "डॉक्टरांच्या सूचना समजून घेण्यात माझी चूक झाली. तुमचा अपमान झाला, माफ करा." तुझं नाव घेतलं नाही. मी वाट बघितली, घेतलंच नाही. मग मीच तुझी दोन्ही पत्रं आणून बाबांपुढे ठेवली. चुन्याच्या भिंतीपर्यंत येईतो बाबांना हसून खोकला लागला. मामांना गावी कळवायचं आहे म्हणून पत्रं त्यांनी ठेवून घेतली आहेत. शुद्धलेखनाचं मी काही बोलत नाही.

आईने विचारलं, खायला काय चालेल? मी उठले आणि तांदळाची उकड केली, आलं-मिरचीशिवाय, ताक घालून. तुझी आठवण म्हणून चिमूटभर हळद घातली. त्यांनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सगळी संपवली. अर्धा तास लागला. तोंडात चमचा पुरता जात नाही अजून. आम्ही सगळे बसून बघत होतो तरी ते घाबरले नाहीत.

मग बाबा म्हणाले, तुम्ही दोघं बोला, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आमची गॅलरी दीड हात आहे, तिथून सगळं ऐकू येतं.

मी सरळ विचारलं, "त्या दिवशी बोलता येत असतं तर काय विचारलं असतंत?" मला वाटलं, आता स्वयंपाकाचं येणार. ते म्हणाले, "तुमची बालवाडी दहिसरला. मुलुंडहून जाण्यायेण्यात रोज चार तास जातील. ती सोडायची तुमची इच्छा आहे का, हे विचारायचं होतं. आईने परस्पर सांगितलं की मुलगी नोकरी सोडेल. मला ते तुमच्याकडून ऐकायचं होतं."

मी म्हटलं, मला मुलांमध्ये राहायचं आहे, जागा कुठलीही चालेल.

तर त्यांनी खिशातून कागद काढला. तू म्हणतोस शनिवारी संध्याकाळी शर्ट घालून निघून गेला. कुठे गेले होते माहीत आहे? तुमच्याकडच्या महिला मंडळाच्या बाईंकडे. त्यांची बालवाडी आहे ना नाल्यापलीकडे, तिथे. नंतर आणखी एका ठिकाणी. एका जागी भरती नाही. दुसरीकडे जूनपासून एक बाई लागणार आहे, सकाळची वेळ. सगळं कागदावर लिहिलेलं होतं, बाईंचं नाव, भेटायची वेळ, कुठली प्रमाणपत्रं लागतील ते. खाली लिहिलं होतं, "लग्न झालं नाही तरी ही माहिती त्यांना कळवावी."

नंदू, आठ दिवस गप्प बसलेल्या माणसाने पहिले शब्द माझ्या नोकरीच्या चौकशीसाठी खर्च केले. मला सात जण बघून गेले. मी काही जास्त बोलले नाही. म्हटलं, "जूनपर्यंत मी इथलं वर्ष पुरं करीन." बाबा गॅलरीतून आत आले आणि आईला म्हणाले, "ऐकलंस का?" आईने ऐकलं होतंच.

तुझ्याबद्दलही बोलले. त्यांना तुझा राग आहे, आणि तो लवकर जाईल असं मला वाटत नाही. त्यांनी तो ठेवावा, मीसुद्धा त्यातला थोडा ठेवणार आहे. पण मी विचारलं, इतके दिवस खायला कोण करून देत होतं, आई? तर म्हणाले, "नंद्या. पहाटे पाचला उठून पेज फडक्यातून गाळायचा. आई उठायच्या आत भांडं घासून ठेवायचा. त्याला वाटतं मला झोप लागलेली असते." हे तू मला कुठल्याच पत्रात लिहिलं नाहीस. भात "केला" लिहिलंस, तेव्हा मला वाटलं आईंनी केला असेल. बोलत नाहीत म्हणून घाबरू नकोस, सत्त्व करून समोर ठेवत जा. ते खातील. तिथून सुरुवात होईल.

तुझ्या आईंना बाबा गुरुवारी स्वतः भेटायला येणार आहेत. नकाराचं कार्ड परत मागून घेतो म्हणाले. त्यांच्याबरोबर नारळ असेल आणि चेहरा पाडलेला असेल, तेव्हा आईंना म्हणावं, लाटणं आत ठेवा. दोघांचं जमलं तर पुढच्या रविवारी सुपारी फोडायची असं बाबांच्या मनात आहे.

काल दादांचे टाके निघाले असतील. निघताना ते म्हणाले की डाव्या बाजूचीही तशीच आडवी आहे, डॉक्टरांनी एप्रिलमध्ये बोलावलं आहे.

तेव्हा तू सायकलींकडे बघ. डॉक्टर काय सांगतात ते ऐकायला मी जाणार आहे.

सुलक्षणा
(तू आता वहिनी म्हटलंस तरी बाबा काठी घेणार नाहीत. मी विचारून ठेवलं आहे.)